ओपन सोर्स सीआरएम-ईआरपीला कॅलडॅव्ह सर्व्हर जोडायचा तर

बहुतेक ओपन सोर्स सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) किंवा ईआरपीमध्ये (संस्थेचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) कॅलेंडर असतं आणि ते सहसा ओस पडलेलं असतं. विक्री विभागातली माणसं भेटी फोनमध्ये टाकतात, ऑफिसात बसणारी थंडरबर्डमध्ये, आणि ॲप्लिकेशनमध्ये मात्र महिन्यामागून महिने कोरे. मग कुणीतरी इश्यू टाकतं, "फोनशी सिंक होईल का?" त्यावरचा टिकाऊ तोडगा म्हणजे कॅलडॅव्ह, म्हणजे सर्व्हर आणि फोनसारखे क्लायंट यांच्यात कॅलेंडर जुळवून ठेवणारा खुला प्रोटोकॉल.

हा लेख पीएचपी आणि सेबरडॅव्ह लायब्ररी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, कारण नेक्स्टक्लाउड आणि बायकल हे दोन्ही सर्व्हर तिच्यावरच उभे आहेत आणि तिचा परवाना बीएसडी धाटणीचा असल्यामुळे जीपीएल प्रकल्पात ती वापरायला अडचण येत नाही. पायथॉनवाल्यांना रॅडिकॅल या त्या भाषेतल्या सर्व्हरचा कोड वाचून बरंच काही उचलता येईल. भाषा कुठलीही असो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. प्रोटोकॉलची हमाली लायब्ररी करते. खरी मेहनत आहे ती तुमच्या टेबलातली भेटीची नोंद आणि फोनने पाठवलेली आयसीएस फाइल (भेटीचं मजकुरी रूप) यांचं नातं नीट ठरवण्यात. ते चुकलं की पुढे प्रत्येक बग तिथूनच निघतो.

सर्व्हरच हवाय का?

"कॅलेंडर सिंक" म्हणताना लोकांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, नुसतं बघणं. त्यासाठी लांबलचक, अंदाज बांधता न येणारं टोकन असलेली एक आयसीएस लिंक पुरते. काम छोटं आहे, पण क्लायंट ती लिंक पुन्हा कधी ओढेल हे तुमच्या हातात नसतं, आणि काही सेवा तासन् तास ओढत नाहीत. दुसरी, ॲप्लिकेशनने दुसऱ्या सर्व्हरचा क्लायंट होणं. संस्थेत नेक्स्टक्लाउड किंवा सोगो आधीच चालू असेल तर माझा कौल यालाच आहे. लोकांच्या फोनमध्ये आणखी एक खातं कशाला वाढवायचं? तिसरी, ॲप्लिकेशनने स्वतः सर्व्हर होणं. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

कोणाला काय चालेल हेही आधीच सांगून ठेवा. आयफोन, मॅक आणि थंडरबर्ड थेट जोडले जातात. अँड्रॉइडवर डॅव्हएक्सफाइव्हसारखं ॲप लागतं. विंडोजवरच्या आउटलुकला कॅलडॅव्ह मुळातच येत नाही, त्यासाठी आउटलुक कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर हे ओपन सोर्स ॲड-इन आहे, पण ते क्लासिक आउटलुकपुरतंच. गूगल कॅलेंडरच्या वेब आवृत्तीला बाहेरचा कॅलडॅव्ह सर्व्हर जोडता येत नाही. हे कागदपत्रांत पहिल्या पानावर लिहिलं नाही तर तोच इश्यू पुन्हा पुन्हा येत राहील.

आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज, आणि त्यातलं वाचन थोडकंच आहे: कॅलडॅव्हचं आरएफसी ४७९१ (२००७), आयकॅलेंडर स्वरूपाचं ५५४५ (२००९), सिंकसाठी ६५७८ (२०१२) आणि सर्व्हर आपोआप सापडावा म्हणून ६७६४ (२०१३). आमंत्रणांचं ६६३८ सध्या बाजूला ठेवा. का, ते पुढे येईल.

पायरी पहिली: टेबलं

तुमच्याकडे भेटींचं टेबल आहे: विषय, सुरुवात, शेवट, ग्राहक, जबाबदार व्यक्ती. पहिला मोह असा होतो की फोनकडून आलेली फाइल फोडायची, हे रकाने भरायचे आणि कुणी मागितली की रकान्यांतून पुन्हा फाइल बांधायची. कृपा करून हे करू नका.

आयफोनवरून टाकलेली एखादी बैठक उघडून बघा. तिच्यात दोन व्हीअलार्म (आठवणी) असतील, एक्स-ॲपल-स्ट्रक्चर्ड-लोकेशनमध्ये नकाशावरची जागा असेल, कदाचित प्रवासाचा वेळही असेल. बैठक दर आठवड्याची असेल आणि त्यातली एक पुढे ढकललेली असेल, तर त्याच फाइलमध्ये रिकरन्स-आयडी (मालिकेतली नेमकी कोणती बैठक ते सांगणारी ओळ) असलेला दुसरा व्हीइव्हेंटही (कार्यक्रमाची नोंद) असतो. तुमच्या रकान्यांत यातल्या कशालाच जागा नाही. मग वापरणाऱ्याने अर्ध्या तासाआधीची आठवण लावली, सिंक झालं आणि आठवण गायब झाली, असं होतं. त्या माणसाचा विश्वास तिथेच संपतो.

म्हणून वेगळं टेबल करा आणि आलेला मजकूर त्यात जसाच्या तसा ठेवा. रकाने साधारण असे: कॅलेंडरचा क्रमांक, फाइलचं नाव, यूआयडी (कार्यक्रमाची कायमची ओळख), मूळ मजकूर, ई-टॅग (मजकूर बदलला की बदलणारी खूण), आकार, घटकाचा प्रकार, कार्यक्रम पहिल्यांदा आणि शेवटी केव्हा येतो, आणि तुमच्या भेटीच्या नोंदीशी जोडणारी की. भेटींचं जुनं टेबल राहू द्या. अहवाल आणि शोध त्याच्यावरच चालतील. फक्त ते या मजकुरातून काढलेलं आहे, हे कोडमध्ये सगळ्यांना स्पष्ट असू द्या.

वेबवरून कुणी भेटीची वेळ बदलली तर साठवलेला मजकूर सेबरच्या व्हीऑब्जेक्ट लायब्ररीने उघडा, डीटीस्टार्ट (सुरुवात) आणि डीटीएंड (शेवट) बदला, सीक्वेन्स (बदलांचा क्रमांक) एकाने वाढवा, डीटीस्टॅम्प आणि लास्ट-मॉडिफाइड हे वेळेचे शिक्के ताजे करा आणि बाकीच्या ओळींना हात न लावता परत ठेवा. ॲप्लिकेशनमध्येच जन्मलेल्या भेटीची फाइल एकदाच बांधायची आणि तिथून पुढे हाच नियम. यूआयडी मात्र नोंदीच्या क्रमांकावरून बनवू नका. उद्या दोन इन्स्टन्स एकत्र केले की क्रमांक ४२ दोन्हीकडे निघेल. यूयूआयडी (कुठेच पुन्हा न येणारी यादृच्छिक ओळख) घ्या आणि तो कधीही बदलू नका.

फाइलचं नाव आणि यूआयडी एकच असतात असं धरून चालणारे खूप कोड पाहायला मिळतात. नाव क्लायंट ठरवतो, आणि तो जे नाव देईल तेच टिकवायचं असतं. एका फाइलमध्ये एकच यूआयडी, आणि एका कॅलेंडरमध्ये तो यूआयडी एकाच फाइलमध्ये, ही ४७९१ची अट आहे; डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स टाकून मोकळे व्हा.

पायरी दुसरी: बदलांची नोंदवही

सिंक-कलेक्शन रिपोर्ट या रिक्वेस्टमध्ये क्लायंट जुनं टोकन (मागच्या सिंकची खूण) देतो आणि विचारतो, यानंतर काय बदललं? त्यासाठी आणखी एक टेबल लागतं: कॅलेंडर, फाइलचं नाव, टोकन क्रमांक आणि काय झालं. सेबर १ म्हणजे भर, २ म्हणजे बदल, ३ म्हणजे काढून टाकलं असे आकडे वापरते. काढून टाकलेल्या फाइली महत्त्वाच्या. मूळ टेबलातून ओळ गेली तरी नोंदवहीत ती राहायला हवी, कारण क्लायंटला त्या नावापुढे ४०४ (सापडलं नाही) पाठवायचं असतं. "शेवटचा बदल" हा रकाना बघून काम भागवणाऱ्यांना फोनवर जन्मभर न पुसली जाणारी भुतं दिसतात ती यामुळेच.

इथे एक बारीक खड्डा आहे. टोकन म्हणून नोंदवहीचा ऑटो-इन्क्रिमेंट क्रमांक वापरला, असं समजा. दोन जण एकाच वेळी लिहितायत. एकाला १०४ मिळाला, दुसऱ्याला १०५. १०५चा व्यवहार आधी कमिट झाला. नेमक्या त्याच क्षणी फोन आला, त्याला १०५पर्यंतचं सगळं दिलं आणि नवं टोकन १०५ सांगितलं. मग १०४ कमिट झाला. फोन पुढच्या वेळी १०५च्या नंतरचंच मागणार, म्हणजे १०४ त्याला कधीच दिसणार नाही. हा बग चाचणीत सापडत नाही, गर्दी असलेल्या खऱ्या वापरात सापडतो, आणि तेव्हा कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. उपाय साधा: टोकन दर कॅलेंडरचं वेगळं ठेवा, ते कॅलेंडरच्या ओळीवर असू द्या, आणि वाढवताना त्या ओळीला कुलूप लावून फाइल, नोंदवही आणि टोकन हे तिन्ही एकाच व्यवहारात लिहा.

नोंदवही फुगली तर जुन्या ओळी खुशाल छाटा. त्याहून जुनं टोकन घेऊन कुणी आलं तर ४०३ (मनाई) आणि सोबत व्हॅलिड-सिंक-टोकनची अट मोडल्याचा निरोप द्या. क्लायंट निमूटपणे सुरुवातीपासून सिंक करतो.

हे सगळं एका ठिकाणी बांधा. वेबचा फॉर्म, आयात, रात्रीचं क्रॉन काम, एपीआय, सगळ्यांनी त्याच फंक्शनमधून लिहायचं. एखादं जुनं मॉड्यूल थेट एसक्यूएलने भेटींचं टेबल बदलत असेल तर ते आत्ताच शोधून काढा.

पायरी तिसरी: पत्ते आणि दार

वापरणाऱ्याने फक्त डोमेन टाकावं आणि बाकी आपोआप व्हावं, अशी अपेक्षा असते. क्लायंट आधी /.वेल-नोन/कॅलडॅव्ह या पत्त्यावर जातो. तिथून ३०१ने तुमच्या डॅव्हच्या मुळाकडे पाठवा. मग तो प्रॉपफाइंड (गुणधर्म विचारणारी रिक्वेस्ट) करून करंट-युजर-प्रिन्सिपल, म्हणजे वापरणाऱ्याचा पत्ता, विचारतो, त्या पत्त्यावर कॅलेंडर-होम-सेट, म्हणजे त्याची कॅलेंडरं कुठे आहेत ते, विचारतो आणि शेवटी डेप्थ १ (एक पातळी खालपर्यंत) लावून तिथली कॅलेंडरं मोजतो. उत्तरं २०७ मल्टी-स्टेटसमध्ये (अनेक गोष्टींची उत्तरं एकत्र) जातात. सेबरमध्ये प्रिन्सिपल कलेक्शन आणि कॅलेंडर-रूट ही झाडाची दोन पानं आणि ऑथ, एसीएल (परवानग्या), कॅलडॅव्ह, सिंक हे चार प्लगिन जोडले की हे सगळं मिळतं. तुम्ही लिहायचा तो बॅकएंड: कॅलेंडरांची यादी, फाइलींची यादी, एक फाइल, तयार करणं, बदलणं, काढणं आणि सिंकसाठी बदलांची यादी.

पत्त्यात लॉगिन नाव वापरू नका. नाव बदललं की पत्ता बदलतो आणि क्लायंटच्या लेखी सगळं कॅलेंडर नवं होतं. वापरणाऱ्याचा अंतर्गत क्रमांक बरा.

जोडणी होत नाही अशा तक्रारींमध्ये तुमचा कोड बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष वेब सर्व्हरच्या मांडणीत निघतो. अपाचे जेव्हा पीएचपी सीजीआय किंवा एफपीएममार्फत चालवतो, तेव्हा ऑथरायझेशन हेडर आत पोचत नाही आणि वापरणारा बरोबर पासवर्ड टाकूनही ४०१ (ओळख पटली नाही) बघत बसतो. २.४.१३पासून पुढे "सीजीआयपासऑथ ऑन" ही एक ओळ ते सोडवते. दुसरं म्हणजे समोरच्या फायरवॉलने किंवा प्रॉक्सीने प्रॉपफाइंड, रिपोर्ट असल्या अनोळखी मेथड अडवणं. इन्स्टॉलेशननंतर हे दोन्ही तपासणारं एक छोटं पान प्रशासकाला दिलंत तर दुआ मिळतील.

पासवर्डचं काय? कॅलेंडर क्लायंट सहसा बेसिक ऑथच (दर रिक्वेस्टबरोबर नाव आणि पासवर्ड) बोलतात, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन त्यांना समजत नाही. म्हणून ॲप-पासवर्ड करा: सर्व्हरने बनवलेली लांब यादृच्छिक अक्षरं, एकदाच दाखवायची, फक्त कॅलेंडरपुरती चालणारी, केव्हाही रद्द करता येणारी, शेवटची कधी वापरली ते दिसणारी. ती साठवताना बीक्रिप्ट हा मुद्दाम संथ ठेवलेला हॅश लावायची सवय असते, पण इथे प्रत्येक रिक्वेस्टला तपासणी होते आणि एका सिंकमध्ये रिक्वेस्टींचा पाऊस पडतो. माणसाने निवडलेल्या पासवर्डला संथ हॅश हवाच; पुरेशा लांब यादृच्छिक टोकनला एसएचए-२५६ पुरतो. आणि एचटीटीपीएसशिवाय हे दार उघडूच नका.

पायरी चौथी: लिहिणं

नवी फाइल पाठवताना क्लायंट पुट या लिहिण्याच्या रिक्वेस्टबरोबर इफ-नन-मॅच हेडरमध्ये तारांकन (*) पाठवतो, म्हणजे "या नावाचं काही असेल तर थांब". बदलताना इफ-मॅचमध्ये जुना ई-टॅग असतो. जुळलं नाही तर ४१२ (अट पुरी झाली नाही). हे सेबर सांभाळते, तुम्ही फक्त ई-टॅग खरा ठेवायचा: मजकुराचा हॅश, अवतरणचिन्हांसकट. ती अवतरणचिन्हं विसरणं हा या क्षेत्रातला नवशिक्यांचा ठरलेला घोळ आहे.

पुटच्या उत्तरात ई-टॅग द्यायचा की नाही, यालाही नियम आहे. आलेला मजकूर तुम्ही बाइटन् बाइट तसाच साठवला असेल तरच द्या. तुम्ही काही बदललं असेल, समजा भेटीच्या वर्णनात ग्राहकाच्या पानाची लिंक घातली, तर ई-टॅग देऊ नका. बॅकएंडमधून नल (रिकामं मूल्य) परत करा. मग क्लायंट फाइल पुन्हा मागून घेतो. दिलात, तर त्याला वाटतं आपल्याकडची प्रतच ताजी आहे, आणि पुढच्या बदलाबरोबर तुमची लिंक पुसली जाते.

वेळेच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास चुकतात. दिवसभराच्या कार्यक्रमाचा डीटीएंड त्या दिवसात धरला जात नाही. १५ तारखेच्या एका दिवसाच्या कार्यक्रमाचा शेवट १६ असतो. ही तारीख आहे, मध्यरात्रीची वेळ नव्हे, त्यामुळे तिला टाइमझोन लावला की कार्यक्रम दोन दिवसांवर पसरतो. दुसरं, पुन्हा पुन्हा येणारी भेट यूटीसीत बदलून ठेवू नका. बर्लिनच्या वेळेनुसार दर सोमवारी सकाळी ९ची बैठक हिवाळ्यात यूटीसी ८ला असते, उन्हाळ्यात ७ला. टीझेडआयडी (टाइमझोनचं नाव) तसाच राहू द्या. तिसरं, आररूल (मालिका कशी पुन्हा येते त्याचा नियम) यातला अनटिल (मालिका कधी संपते): सुरुवातीला टाइमझोन असेल तर अनटिल यूटीसीत हवा, नाहीतर शेवटची बैठक काही क्लायंटमध्ये दिसते आणि काहींत नाही.

तारखांच्या टप्प्यातलं शोधायला कार्यक्रम पहिल्यांदा आणि शेवटी केव्हा येतो हे रकाने कामी येतात. न संपणाऱ्या मालिकेला दूरची कुठली तरी तारीख लावतात. सेबरच्या स्वतःच्या बॅकएंडमध्ये ती १ जानेवारी २०३८ आहे. मालिका उलगडताना मर्यादा ठेवा. दर सेकंदाला येणारा, कधीही न संपणारा कार्यक्रम कुणीही पाठवू शकतं. व्हीऑब्जेक्ट मालिकेतल्या ३५०० कार्यक्रमांवर थांबते, ती मर्यादा काढू नका.

ओळींची घडी हाताने घालायला जाऊ नका. ७५ची मर्यादा अक्षरांची नसून बाइटची आहे, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं. अक्षरं मोजून तोडलं तर ओळ तिप्पट लांब होते, बाइट मोजून आंधळेपणाने तोडलं तर अक्षराचेच तुकडे होतात. लायब्ररीला करू द्या.

धंद्याचे नियम आणि फोन

तुमच्या फॉर्ममध्ये "ग्राहक" हा रकाना सक्तीचा असेल. फोनवर तो रकानाच नाही. पुट नाकारलात तर काही क्लायंट कोपऱ्यात कुठेतरी चूक दाखवतात, काही तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. त्यामुळे स्वीकारा, नोंदीवर "ग्राहक जोडायचा बाकी" अशी खूण करा आणि वेबवर त्याची यादी दाखवा. ग्राहकाचा क्रमांक एक्स- वाल्या खास ओळीत लपवून तो परत येईल या भरवशावर राहू नका; जोडणी तुमच्या टेबलात आहेच.

डिलीटचं त्याहून नाजूक. फोनवर बोट घसरून भेट पुसली म्हणून तिच्याशी जोडलेलं कोटेशन, टिपणं, खर्च जाऊ देणार का? माझं मत ठाम आहे: डिलीटने फक्त कॅलेंडरची फाइल जावी, भेटीची नोंद "रद्द" म्हणून राहावी.

दुसऱ्याचं कॅलेंडर फक्त बघायची परवानगी असेल तर करंट-युजर-प्रिव्हिलेज-सेटमध्ये फक्त रीड सांगा, म्हणजे समजूतदार क्लायंट बदलाचं बटणच दाखवत नाही. तरीही सर्व्हरवर ४०३ हवाच. कामांची यादी, म्हणजे व्हीटूडू, वेगळ्या कॅलेंडरमध्ये ठेवा. भेटी आणि कामं एकत्र असली की ॲपलचे क्लायंट गोंधळतात.

आणि आमंत्रणं. ६६३८ राबवलं की भेटीत कुणाला जोडताच सर्व्हर स्वतः निरोप पाठवतो. पण तुमचं ॲप्लिकेशन आधीच सहभागींना ईमेल पाठवत असेल, आणि क्लायंटही पाठवत असेल, तर एकाच बैठकीची तीन पत्रं ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये जातात. पहिल्या आवृत्तीत कॅलेंडर-ऑटो-शेड्यूल जाहीरच करू नका आणि कॅलडॅव्हमार्गे आलेल्या भेटींसाठी ॲप्लिकेशनचा ईमेल बंद ठेवा.

चाचणी आणि पुल रिक्वेस्ट

आधी कर्ल या कमांड-लाइन साधनाने प्रॉपफाइंड करून बघा. क्लायंट चुका गिळतात, कर्ल गिळत नाही. कॅलडॅव्ह ज्यावर उभा आहे त्या वेबडॅव्हच्या पायासाठी लिटमस हे चाचणीचं जुनं साधन अजून उपयोगी पडतं. त्यानंतर थंडरबर्ड, डॅव्हएक्सफाइव्ह आणि आयफोन हे तिन्ही एकाच खात्याला जोडा आणि एवढं तरी करून पाहा: मालिकेतली एकच बैठक हलवा, एकच पुसा, दिवसभराचा कार्यक्रम पुढच्या दिवशी ढकला, दोन उपकरणं विमान मोडमध्ये टाकून दोन्हीकडे तीच भेट बदला आणि मग नेट चालू करा. प्रत्येक वेळी बघायचं ते एवढंच, की व्हीअलार्म आणि अनोळखी ओळी जागेवर आहेत का.

प्रकल्पाला पाठवताना सगळं एका पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल स्वीकारायची विनंती) कोंबू नका, ते कुणी वाचणार नाही. आधी टेबलं आणि लिहिण्याचं एकच फंक्शन. यात कॅलडॅव्हचा पत्ताही नाही, त्यामुळे ते लवकर आत जातं. मग ॲप-पासवर्ड. मग फक्त वाचता येणारा सर्व्हर, आणि तो थोडे दिवस लोकांच्या हातात राहिला की लिहिणं. मॉड्यूल सुरुवातीला बंद ठेवूनच वाटा. सोबत इश्यूचा साचा द्या: क्लायंट आणि त्याची आवृत्ती, समोर कोणता वेब सर्व्हर, ज्या एका भेटीत गडबड आहे तिचा साठवलेला आयसीएस मजकूर, आणि ऑथरायझेशन हेडर खोडलेला रिक्वेस्टचा लॉग.